चाँद मिस्त्रीचे गुरुवार

चाँद मिस्त्रीनं आष्टीकडं दुसरं बिऱ्हाड केलंय, अशी बातमी गेल्या हिवाळ्यात आमच्या शिरूर कासारच्या बसस्टँडवर फिरत होती. दर गुरुवारी सकाळी मोटारसायकलला पिशवी अडकवून निघतो, दिवस मावळायच्या आत परत येतो, आणि कुठं गेला होतास म्हणून विचारलं की मोटारसायकलच्या चेनकडं बघत बसतो. बाई खडकमाळची, नाव छबुबाई. नवरा दवाखान्यात, घरात तिसरं कुणी नाही. एकदा तर पिशवीतून साडीचा काठ बाहेर लोंबत होता. साडीचा रंगसुद्धा लोकांना पाठ झाला होता. मोरपंखी.

मोरपंखी हा रंग माझा. साडी दुसऱ्या कुणीतरी पाहिली होती, रंग मी भरला. बिनरंगाच्या साडीची बातमी सांगण्यात काय मजा आहे?

आता ज्यांना चाँद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वय बावन्न, अंगानं काटकुळा, डावी भुवई अर्धीच. ती तरुणपणी एका ठिणगीनं गेली ती परत उगवलीच नाही. सिदूच्या चहाच्या हॉटेलामागं त्याचं गॅस वेल्डिंगचं दुकान. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस ते दुकान बघण्यासारखं असतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, त्यांच्या गाड्यांचे आस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे कड्याकोयंडे, सगळं चाँदपुढं येऊन पडतं. बोलायला माणूस असा, की दोन शब्दांचं काम एका शब्दात उरकणार आणि तोही दिल्यावर पस्तावणार. माझ्यासारख्याला असा शेजारी म्हणजे पर्वणी. तो बोलत नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी बोलायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चौदा गावांनी मिळून ‘शिंदफणा हरित हायड्रोजन सहकारी संस्था’ काढली. शिरूरच्या माळावर सूर्याच्या पट्ट्या बसल्या. त्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातून निघालेला हायड्रोजन वायू दाबून उंच टाक्यांत भरायचा, आणि गाडीनं गावोगावच्या केंद्रांवर पोचवायचा. तिथं एका पेटीत त्याची पुन्हा वीज होते आणि मागं नुसतं पाणी उरतं. पहिल्या ग्रामसभेत एकजण उठून म्हणाला, “प्यायला टँकर लागतोय अन् तुमी पानी फोडाया निघालाव?” सभा तिथंच मोडली. मग चौदा गावांनी श्रमदान करून माळाखाली शेततळं खोदलं, पावसाळ्यात ते भरलं, तेव्हा कुठं गाडं पुढं सरकलं. गावागणिक गॅस समिती झाली. आमच्या गावच्या समितीत मी आहे. रिकामा आणि बोलका, असे दोन गुण पाहून मला घेतलं असावं.

गाडीवर टाक्या नेऊन केंद्रावर जोडून द्यायला जाणता माणूस हवा होता. सगळ्यांनी एकमुखानं चाँदचं नाव घेतलं. सव्वीस वर्षं गॅसपुढं बसलेला माणूस दुसरा होता कोण?

चाँदला आणि केंद्रांवरच्या माणसांना शिकवायला सायली नावाची इंजिनिअर आली. गेवराईची पोरगी, आवाज बारीक पण हुकूम मोठा. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “काका, हा वायू बारीक घर्षणानंही पेटतो, आणि त्याची ज्वाला दिवसा डोळ्यांना दिसत नाही.”

चाँद हसला. “बाई, दिसत न्हाई अशी आग असती व्हय?”

“मग दाखवते.”

तिनं सगळ्यांना लांब उभं केलं, एका बारीक नळीतून वायू सोडून पेटवला. भर दुपार. नळीच्या तोंडाशी काहीच नाही, मोकळी हवा. मग तिनं शिंदीची केरसुणी हातभर पुढं धरून हळूहळू नळीकडं नेली. मोकळ्या हवेत केरसुणीचं टोक भडकलं. चाँद दोन पावलं मागं सरला. “या अल्ला,” एवढंच म्हणाला, आणि बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत राहिला.

न दिसणारी ज्वाला ओळखायचं यंत्र शिरूरच्या मोठ्या केंद्रावर होतं. लहान केंद्रांची यंत्रं यायची होती. तोवर नियम एकच. टाक्या जोडून झाल्या, की मिस्त्रीनं केरसुणी पुढं धरून वरपासून खालपर्यंत सगळे सांधे फिरायचे. त्याआधी कुणी हात लावायचा नाही.

चाँदनं बाजारातून नवी केरसुणी आणली आणि गाडीत चढण्याआधी काखेत धरून सिदूच्या हॉटेलावर चहाला आला. आता मला सांगा, पन्नाशीचा मिस्त्री, डोक्याला टोपी, काखेत केरसुणी. माझ्यासमोर. देवानं ताट वाढून ठेवल्यासारखंच की.

मी म्हणालो, “काय चाँदभाई, लक्ष्मी घेऊन कुठं निघालास? दिवाळी तर झाली.”

सिदू म्हणाला, “इमामबीनं हाकललं वाटतं. म्हनली आसंल, आदी अंगन झाड, मंग भाकर.”

“न्हाई न्हाई,” मी म्हणालो, “चौदा गावं झाडायचं कंत्राट घेतलंय यानं. आजपासून ह्यो झाडूमिस्त्री.”

हॉटेल हसलं. चाँदही हसला, चहा अर्धा ठेवून उठला. आणि ते नाव लागलं. माझी दिलेली नावं लागतात, याचा मला गर्व होता. आठ दिवसांत ड्रायव्हर-कंडक्टर म्हणायला लागले, भाजीवाल्या म्हणायला लागल्या. केंद्रावर गेला तर तिथले लोक म्हणत, “आलं बे झाडूमिस्त्री, व्हा बाजूला.”

मग पाहुणे आले. चाँदची धाकटी हीना, तिला बघायला पाटोद्याची मंडळी एसटीनं उतरली आणि त्यांनी स्टँडवर विचारलं, चाँद मिस्त्रीचं घर कुठं? कुणीतरी म्हणालं, “कोन, झाडूमिस्त्री का?” मुलाच्या बापानं घरी आल्यावर चाँदला विचारलं, आपण नेमकं काय काम करता? चाँदनं सांगितलं. ते ऐकून घेऊन पाहुण्यानं पुन्हा विचारलं, “पर झाडू कावून?”

सोयरीक जमली. पण दुसऱ्या दिवसापासून केरसुणी चाँदच्या काखेत दिसली नाही. आधी ती गाडीच्या सीटखाली गेली. मग घरीच राहिली. मी सिदूला म्हणालो, “बघ, सुधारला.”

खडकमाळ आष्टीच्या अलीकडं. तिथल्या दूध शीतकेंद्राला आमचा वायू जातो, लाइट गेली तरी दूध नासत नाही. केंद्र सांभाळायला ग्रामसभेनं गहिनीनाथला निवडलं होतं. आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम जोडी मोजतो, माणूस मोजत नाही. गहिनीनाथ आणि छबुबाई एकोणीस वर्षं एक कोयता होते. त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदाच टोळीचा ट्रॅक्टर त्यांना सोडून गेला. गहिनीनाथ म्हणे इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याला उभा राहिला आणि ट्रॉलीतल्या माणसांना हात करत होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी चाँद तिथं टाक्या घेऊन गेला. टाक्या जोडल्या. शीतकेंद्राची मशीन घरघरत होती, त्यात गळतीची बारीक शीळ ऐकू येणं शक्य नव्हतं. चाँदनं सव्वीस वर्षांच्या सवयीनं डोळ्यांनी सांधे बघितले. ऊन लख्ख होतं. कुठं काही नव्हतं.

“केरसुनी?” गहिनीनाथनं विचारलं.

“बघितलं मी. फिरव चावी.”

गहिनीनाथनं दोन्ही हात चावीवर घातले. एक सांधा गळत होता आणि तो पेटलेला होता. चाँदनं मुख्य चावी बंद करेपर्यंत दोन्ही पंजे मनगटापर्यंत भाजले. त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं.

खडकमाळच्या गॅस समितीनं चौकशी केली. गहिनीनाथच्या सदऱ्याच्या खिशात बिडीचं बंडल निघालं आणि समितीला तेवढं पुरलं. गहिनीनाथनं पडल्या पडल्या सांगितलं, केरसुणी फिरवलीच नव्हती. समितीनं चाँदला विचारलं. चाँद म्हणाला, “फिरवली हुती.” त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. त्याची खाली सही. एक गॅसचा माणूस आणि एक उसाचा माणूस. कुणाचं खरं धरलं असेल, ते वेगळं सांगायला नको. केंद्रात बिडी ओढली म्हणून गहिनीनाथला काढायचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपुढं ठेवायचा ठरला. नोकरी गेली, तर परत उसाला जायचं म्हटलं तरी त्या हातांत कोयता धरता येणार नव्हता. आणि एकट्या बाईला कुठला मुकादम घेतो?

एवढं सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होते फक्त गुरुवार. चाँदच्या सुट्टीचा तो वार. सिदूच्या भाच्यानं खडकमाळला त्याची मोटारसायकल छबुबाईच्या दारात पाहिली आणि पिशवीतला साडीचा काठ पाहिला. बाकीचं मी शिवलं. गहिनीनाथ डिसेंबरच्या मध्यालाच दवाखान्यातून घरी आला होता, हेसुद्धा मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बातमी मेली असती.

जानेवारीत एका सकाळी चाँदची बायको इमामबी माझ्या ओट्यावर आली. पदर डोक्यावर, हात कमरेवर. बसा म्हटलं तर बसली नाही.

“तात्या, कोन हाय ती?”

“कोण कोण?”

“मला नका शिकवू. लगीन हाय माझ्या पोरीचं फेब्रुवारीत. पाहुन्याचा फोन आला, म्हनले ऐकतोय ते खरं हाय का. घरात इचारलं तर ह्ये मानूस भिंतीकडं तोंड करतंय. तुमाला समदं म्हाईत असतंय म्हनून आले.”

“लोक बोलतात बाई, मी काय—”

“लोक म्हंजी कोन? नाव सांगा. त्याच्या दारात जाते.”

मी पानाचा डबा उघडला, बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला नाव सुचलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि ती गेली. तिला कळलं होतं. ती जाताना काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर मी संस्थेच्या जीपमधून खडकमाळला गेलो. चौदाही गावांची दोन-दोन माणसं आली होती. चाँद मागच्या सीटवर होता. शाळेच्या पटांगणात सतरंज्या होत्या. अर्धं गाव उसाला गेलेलं, त्यामुळं सभेला म्हातारी माणसं, बाया आणि गुडघेदुखीवाले. पहिल्या रांगेत गहिनीनाथ, दोन्ही हात पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळून मांडीवर ठेवलेले. त्याच्यामागं छबुबाई.

सरपंच धोंडीरामनं ठराव वाचला. वाचून चष्मा काढला. “कुनाला काय बोलायचं हाय?”

दूधवाल्या बायांच्या गटाच्या सरस्वतीबाई उठल्या. “त्याच्या खिशात बिडी हुती म्हंजी त्यो बिडी वढीत हुता, आसं का?”

“तसंच की, आक्का.”

“मंग खिशात कंगवा बी हुता. केसं इचरीत हुता का त्यो तवा?”

सभा हसली. मीही हसलो, आणि हसता हसता पाहिलं की चाँद उभा राहिलाय.

“केरसुनी न्हवती,” तो म्हणाला.

“जोरात बोल चाँदभाई, म्हाताऱ्यांना ऐकू येत न्हाई.”

“मी केरसुनी फिरवली न्हाई. गाडीत पन न्हवती. ह्यानं इचारलं हुतं मला, मी म्हनलो बघितलं मी, फिरव चावी. लिहून दिलं ते खोटं हाय. ह्याची चूक न्हाई.”

सायली टेबलाशी बसली होती, तिनं हातातला पेन खाली ठेवला. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ना त्या दिवशी, माळावर?”

“व्हय.”

“मग का नाही नेली?”

चाँदनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मागून कुणीतरी ओरडलं, “आरं कावून न्हाई न्हेलीस बे, सांग की!”

“लाज वाटायची.”

“कशाची?”

त्यानं मान वळवली. आम्ही शिरूरची माणसं बसलो होतो तिकडं त्याची नजर आली. मी खाली वाकलो आणि माझ्या चपलेचा अंगठा उगाच चाचपायला लागलो. त्यानं माझं नाव घ्यावं म्हणून मी वाकलो होतो की घेऊ नये म्हणून, ते आजही मला नक्की सांगता येत नाही.

“झाडूची,” चाँद म्हणाला आणि खाली बसला.

मी हात वर करायला हवा होता. नाव मी ठेवलं, हसं मी केलं, एवढी दोन वाक्यं. उभ्या जन्मात मला सभेत बोलायला कुणी थांबवलं नाही, आणि त्या दिवशी तर कुणी थांबवतही नव्हतं. मी चपलेचा अंगठा धरून बसलो.

ठराव फिरला. गहिनीनाथचं काम कायम राहिलं. हात बरे होईतो त्यानं केंद्रावर नुसतं बसून देखरेख करायची, चावी दुसऱ्यानं फिरवायची. चाँदला संस्थेनं काढलं. खडकमाळनं संस्थेतूनच बाहेर पडावं असंही काहीजण म्हणाले. त्यावर सरस्वतीबाई म्हणाल्या, “दूध काय तुमच्या डोक्यावर गार करायचं का?” मग हात वर करून मोजणी झाली आणि गाव थोडक्यात संस्थेत राहिलं. परत येताना जीपमध्ये चाँद माझ्या शेजारी होता. मी म्हणालो, “चाँदभाई.” तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, तात्या.” वाटेत दोघांत बोलणं झालं ते एवढंच.

पुढच्या गुरुवारी त्याची मोटारसायकल पुन्हा निघाली. मी मागच्या एसटीनं गेलो. माफी मागायला गेलो असं मी इमामबीला पुढं सांगितलं, पण खरं म्हणजे बघायलाच गेलो होतो. खोड जात नाही. खडकमाळला उतरून विचारत विचारत त्या घरी पोचलो. दार उघडंच होतं.

गहिनीनाथ भिंतीला टेकून बसला होता. समोर चाँद, मांडी घालून. ताटात भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतलेली. चाँद घास करून त्याच्या तोंडात देत होता, मधून त्याच्या मिशीला लागलेलं पुसत होता. शेजारी एक जुनी विटलेली पांढरी साडी घडी करून ठेवली होती, अर्धी फाडलेली. ती चाँदच्या आईची. हातांना गुंडाळायला मऊ कापड लागायचं.

चाँदनं मला पाहिलं. “बसा,” म्हणाला, आणि पुढचा घास केला.

जेवण झाल्यावर तो भांडी घेऊन मागं गेला, तेव्हा मी गहिनीनाथला हळूच विचारलं, “आरं, त्यानंच तुझ्यावर खोटं घातलं. त्याच्या हातचं खाल्लंस कसं?”

“पहिल्या बारीला तोंड फिरिवलं हुतं मी,” तो म्हणाला. “दुपारपतुर फिरिवलं. मंग भूक लागली, तात्या.” मग म्हणाला, “तिसऱ्या गुरुवारी इचारलं, कवा सांगनार हायस? म्हनला, पोरीचं लगीन हू दे. मी म्हनलो, माझी गिरामसभा आदी हाय.”

पाटोद्याच्या पाहुण्यांनी लग्नाची तारीख पुढं ढकलली आहे. मोडलं असं कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. चाँद पुन्हा हॉटेलामागच्या दुकानात बसतो. मी चहा त्याच्याकडं पाठवतो, तो पितो. मी त्या दोन वाक्यांसाठी दोनदा त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो.

राहिली ती बातमी. चाँद गुरुवारी त्या घरी जायचा, तेव्हा छबुबाई घरात नसायचीच. ती दिवसभर शेजारच्या शिवारात रोजानं कापूस वेचायला जायची, आणि तिच्या नवऱ्याला दुपारचं जेवू घालायला दुसरं कुणी नव्हतं.